अकरा फूट आठ इंच

एक पूल आहे जो यूट्यूबमुळे जगप्रसिद्ध झाला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो पाहिलाही असेल, कारण आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच तो वर्षातून दोनदा तरी फिरून येतो. रेल्वेचा काळपट लोखंडी पूल, खालून एकेरी रस्ता, वर पिवळे दिवे लुकलुकताहेत. एक मोठा डबा ट्रक झोकात येतो आणि पुढच्या क्षणी त्याचं छप्पर डबाबंद माशाच्या डब्यासारखं सोलून निघतं. लोक याला 'कॅन ओपनर' म्हणतात ते उगीच नाही. शेवटी कुणीतरी हसणारी स्मायली टाकतं, कुणीतरी "अमेरिकेत पण आपल्यासारखेच!" असं लिहितं आणि सगळे पुढच्या फॉरवर्डकडे वळतात.

हा पूल आमच्यापासून गाडीने अर्ध्या तासावर आहे. नॉर्थ कॅरोलिनातलं डरहॅम गाव, ग्रेगसन स्ट्रीट. १९४० साली बांधलेला. त्या काळी ट्रक एवढे उंच नव्हते, त्यामुळे अकरा फूट आठ इंच उंची पुरेशी वाटली असणार. पुढे ट्रक वाढले, पूल तिथेच राहिला. आज या राज्यात साडेतेरा फूट उंचीचा ट्रक कायद्याने रस्त्यावर येऊ शकतो. म्हणजे ट्रकवाला कोणताही कायदा न मोडता त्या पुलावर जाऊन आपटू शकतो, हे हसणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

जवळच्याच इमारतीत काम करणाऱ्या युर्गन हेन नावाच्या गृहस्थांनी २००८ साली तिथे कॅमेरा लावला. ऑफिसात बसल्या बसल्या अधूनमधून धडाम आवाज यायचा, तो कसला हे त्यांना नोंदवायचं होतं. साधारण महिन्याला एक अशा हिशोबाने शंभरावर धडका त्यांनी टिपल्या. मला हा माणूस आवडतो. तो नुसता हसला नाही, त्याने मोजलं. "अधूनमधून होतं" आणि "महिन्यातून एकदा होतं" या दोन वाक्यांमध्ये केवढा फरक आहे बघा! पहिलं वाक्य ऐकून नगरपालिका मान डोलावते, दुसरं ऐकून तिला काहीतरी करावं लागतं.

आणि खरंच, केलंही. "पूल उंच का करत नाहीत?" हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो. (माझ्या नवऱ्याचाही होता. तो इंजिनियर असूनही.) रूळ वर घ्यायचे तर ते एका पुलापुरते घेता येत नाहीत, दोन्ही बाजूंनी दूरवर चढ तयार करावा लागतो आणि मग आजूबाजूच्या सगळ्या फाटकांचं आणि पुलांचं गणित बदलतं. बरं, रस्ता खाली खणावा तर रस्त्याच्या अगदी खालूनच शहराची जुनी मुख्य सांडपाण्याची वाहिनी जाते. म्हणजे वर रूळ, खाली गटार आणि मधल्या फटीतून ट्रक! मग पुलाच्या आधी एक जाडजूड लोखंडी तुळई बसवली. ती पुलासाठी, म्हणजे खरं तर वरच्या रेल्वेसाठी. ट्रकवाल्यासाठी पाट्या लावल्या, दिवे लावले. २०१६ मध्ये तर फार हुशार युक्ती केली. उंच गाडी आली की यंत्र ओळखतं, पुलाआधीचा सिग्नल लाल होतो आणि समोर मोठी पाटी उजळते, की तुमची गाडी उंच आहे, तुम्हाला वळावंच लागेल. बराच वेळ लाल राहतो, म्हणजे माणसाने वाचावं, विचार करावा आणि वळावं.

तरीही लोक सिग्नल हिरवा झाला की सरळ जाऊन आपटायचे!

यातच खरी गोष्ट आहे असं मला वाटतं. ते लोक आंधळे नव्हते. पाटी त्यांनी वाचलीही असेल. पण पाटी म्हणते "उंच गाड्यांनी वळावं", आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात "उंच गाडी" म्हणजे आपण, हेच नसतं. तिथे आपटणाऱ्यांत भाड्याच्या ट्रकांचा भरणा मोठा. घर हलवायला एका दिवसासाठी ट्रक घेतलेला माणूस उरलेले ३६४ दिवस कार चालवतो. त्याच्या अंगात कारची उंची मुरलेली असते. आपण नाही का, नवीन चप्पल घातली की पहिल्या दिवशी उंबऱ्याला अडखळतो? तसंच. पाटी माहिती देते, पण स्वतःच्या डोक्यावर आणखी सात फूट आहेत ही जाणीव पाटी कुठून देणार?

बॉस्टनमध्ये स्टोरो ड्राइव्ह नावाचा नदीकाठचा रस्ता आहे, तिथले पूल असेच ठेंगणे. दरवर्षी १ सप्टेंबरच्या आसपास, विद्यार्थ्यांचे भाडेकरार बदलतात तेव्हा, तिथे भाड्याचे ट्रक अडकतात. इतक्या नेमाने की "स्टोरो होणं" असं क्रियापदच तिथल्या बोलीत तयार झालंय. "फक्त कारसाठी" अशा पाट्या तिथेही लोंबताहेत. क्रियापद तयार होईपर्यंत एखादी चूक होत राहते तेव्हा ती एकेका माणसाची चूक राहत नाही, असं माझं मत आहे.

बरं, हे सगळं नेहमी छपरावरच भागतं असंही नाही. १९९४ साली ग्लासगोत एक डबलडेकर बस रेल्वेच्या ठेंगण्या पुलाला धडकली. आत गर्ल गाइडच्या मुली होत्या. पाच जण गेले. ११ सप्टेंबर २०१० च्या पहाटे न्यूयॉर्क राज्यात, सिरॅक्यूजजवळ, दहा फूट नऊ इंचांच्या रेल्वे पुलाखाली डबलडेकर बस घुसली, चार प्रवासी गेले. म्हणून मी त्या व्हिडिओंवर हसताना हल्ली मध्येच थांबते. हसू येतं, नाही असं नाही. पण ट्रकच्या वरच्या भागात सोफे असतात आणि बसच्या वरच्या भागात माणसं असतात, एवढाच काय तो फरक.

इथे मला माझ्या काकांबद्दल सांगायलाच हवं. (घरच्या मंडळींना हे पाठ आहे, त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.) काकांचा ट्रक होता. सांगलीहून हळद आणि गूळ मुंबईला, येताना मिळेल तो माल. कधी जवळच्या गावात कडबा. कडब्याची गाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना माहीत आहे, ती चालती फिरती गंजीच असते. हौद्याच्या वर हौद्याएवढंच आणखी. अशा गाडीवर किन्नर पोरगा सगळ्यात वर बसायचा, हातात एक लांब कोरडी काठी. गावातून जाताना लोंबणारी विजेची तार आली की काठीने हळूच उचलून धरायची, वडाची पारंबी आली की बाजूला सारायची. हे फार धोक्याचं होतं, कोरडी काठी म्हणून काही विजेला अडवत नाही, आणि त्यात पोरं मेलीही आहेत. त्याची भलामण मला करायची नाही. पण कमान किंवा पूल दिसला की काका गाडी थांबवायचे, पोरगा उतरून पुढे जायचा, काठी उभी धरून बघायचा, मग गाडीला लावून बघायचा. पोरगा घाईघाईत "जाईल की!" म्हणाला की काका म्हणायचे, "आधी काठीला विचार, मग मला सांग." दोन बोटांनी अडत असेल तर टायरमधली हवा थोडी सोडायची, पलीकडे जाऊन परत भरून घ्यायची.

काकांकडूनच मला आणखी एक कळलं, ते पुढे इथल्या कुठल्या पाटीवर मला दिसलं नाही. रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा उंच असते. माल उतरला की पाटे उठतात आणि गाडी दोन-तीन इंच वर येते. म्हणजे जाताना भरलेला ट्रक ज्या पुलाखालून सहज गेला, येताना रिकामा होऊन त्याच पुलाला घासू शकतो. "आत्ताच तर गेलो होतो" हे त्याचं म्हणणं अगदी खरं असतं.

तसाच दुसरा खोटेपणा रस्त्याचा. आपल्याकडे जुनं डांबर न खरवडता त्यावरच नवा थर टाकतात. दर दोन-चार वर्षांनी रस्ता दोन-तीन इंच वर येतो, पुलावरची पाटी मात्र जुनीच. रस्ता वर येताना दिसत नाही, दुकानांच्या पायऱ्या बुडताना दिसतात तेवढ्याच. मला विचाराल तर ज्या कंत्राटात पुलाखाली डांबर टाकायचं आहे, त्याच कंत्राटात उंची पुन्हा मोजून पाटी रंगवण्याचं काम हवं. त्याला खर्च काय, एक शिडी आणि एक टेप.

आणि मग पाट्यांचा उलटा गुण. सुरक्षित बाजूला राहावं म्हणून पाटीवर खऱ्यापेक्षा काही इंच कमी लिहिण्याची पद्धत आहे. हेतू चांगलाच. पण रोजचा चालक दोन-तीनदा पाटीपेक्षा उंच गाडी घेऊन सुखरूप पार होतो आणि शिकतो की पाट्या भित्र्या असतात. मग एके दिवशी खरं बोलणारी पाटी भेटते.

ब्रिटनमध्ये रेल्वेच्या पुलांना वर्षाला दीड हजारांवर धडका बसतात. तिथे तीन मीटरपेक्षा उंच गाडीच्या केबिनमध्ये उंची लिहिलेली असणं कायद्याने सक्तीचं आहे. तरी २०१८ साली तिथल्या रेल्वेने पाहणी केली तेव्हा ४३ टक्के लॉरी चालकांनी कबूल केलं की निघण्यापूर्वी आम्ही गाडीची उंची मोजत नाही. हे धंद्यातले लोक, एक दिवसाचे भाडेकरू नव्हेत. आणि धडक बसली की पूल तपासून होईपर्यंत वरच्या गाड्या थांबतात. खालच्या एकाच्या उंचीपायी वरचे हजारभर लोक खोळंबतात.

किन्नराची आठवण मला सगळ्यात जास्त झाली ती वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅगिट नदीवरच्या पुलाबद्दल वाचताना. आय-फाइव्ह हा मोठा महामार्ग, १९५५ चा पूल, रोज सुमारे सत्तर हजार गाड्या. २३ मे २०१३ ला संध्याकाळी एक जास्त उंचीचा माल नेणारा ट्रक वरच्या लोखंडी सांगाड्याला लागत गेला आणि पुलाचा एक अख्खा गाळा नदीत कोसळला. दोन गाड्या पाण्यात गेल्या, त्यांतले तिघे वाचले हे नशीब. या ट्रककडे परवाना होता. त्याच्यापुढे वाट दाखवणारी एक गाडी होती, तिच्यावर उंची तपासायला उभा दांडा होता. म्हणजे काकांच्या पोराची काठीच की! पण त्या गाडीची चालक त्या वेळी फोनवर बोलत होती. पुलावर उंचीची पाटी नव्हती. वरची लोखंडी चौकट कमानीसारखी, मधोमध उंच आणि कडेला उतरती. ट्रक कडेच्या लेनमध्ये होता, शेजारच्या लेनमधून गेला असता तर निघून गेला असता. सगळं होतं, परवाना, दांडा, माणूस. फक्त काठीला विचारणारं कुणी त्या क्षणी तिथे नव्हतं.

आपल्याकडे याच्यासाठी जे सर्वात जुनं आणि माझ्या मते सर्वात शहाणं साधन आहे ते रेल्वेच्या फाटकावर असतं. विजेची गाडी जिथे धावते तिथल्या फाटकाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी चौकट, तिला 'हाइट गेज' म्हणतात. तिची उंची ४.६७ मीटर. वर २५ हजार व्होल्टची तार आहे, तिला माल लागण्याआधी या चौकटीला लागावा, एवढाच तिचा उद्देश. कोकण रेल्वे १९९९ पासून कोलाडहून ट्रकच्या ट्रक वाघिणींवर चढवून नेते (रो-रो म्हणतात ती), तिथेही गाडीची उंची आधी तपासतात, कारण पुढे बोगद्यामागून बोगदे आहेत आणि बोगद्यात काठी काढायला वेळ नसतो.

यातलं तत्त्व मला पटतं. लागायचंच असेल तर आधी लागू दे, हलक्या वस्तूला लागू दे, आणि परत फिरायला जागा असेल तिथे लागू दे.

पण आपल्या शहरांमध्ये याची जी नक्कल झाली आहे ती पाहून राग येतो. जुन्या पुलाच्या किंवा भुयारी रस्त्याच्या अगदी तोंडाशी जाडजूड गर्डर आडवा ठोकतात, काळा-पिवळा रंग मारतात, दोन पावसाळ्यांत तो रंग उडतो, रात्री त्यावर दिवा नसतो. ट्रकवाल्याला तो दिसतो तेव्हा मागे पन्नास गाड्या लागलेल्या असतात आणि वळायला जागा शून्य. मग तो काय करणार? रिव्हर्स घेत शिव्या खाणार किंवा नशीब आजमावणार. आणि टेम्पोच्या टपावर बसून वरातीला किंवा जत्रेला निघालेली पोरं आपल्याकडे असतातच. त्यांच्यासाठी हा गर्डर म्हणजे दुसरा पूलच झाला, फक्त आणखी अलीकडे. अग्निशमनाची गाडी आली तर तिनेही तिथेच अडायचं. पूल वाचवायची सोय आणि माणूस वाचवायची सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण पहिली करून दुसरी केल्याचं समाधान मानतो. डरहॅमची तुळई तशीच, मी वर म्हटलंच.

शंभर-दोनशे मीटर आधी, शेवटच्या वळणाच्या अलीकडे, साखळ्या किंवा रबरी नळ्या टांगायच्या. टपावर खडखडाट झाला की झोपेतला माणूससुद्धा ब्रेक मारतो. त्याला वाचावं लागत नाही, भाषा यावी लागत नाही, फूट-इंचाचं मीटर करावं लागत नाही. सिडनीच्या हार्बर टनेलने तर याच्या पुढची मजल मारली आहे. आधीच्या सगळ्या सूचना न जुमानता उंच ट्रक तोंडाशी आला की वरून पाण्याचा पडदा पडतो आणि त्या पडद्यावर भलंमोठं 'थांबा' उमटतं. पाणीच ते, आपटलं तरी काही होत नाही, पण पुढे भिंत दिसल्यावर पाय आपोआप ब्रेकवर जातो. आपल्याला पाण्याचा पडदा परवडणार नाही, मान्य. साखळ्या परवडतात.

उंचीचं भान कुणाला असतं हे बघायचं तर पुण्याच्या गणपती मंडळांकडे बघावं. २०२१ मध्ये लकडी पुलावरून जाणाऱ्या मेट्रोच्या पुलावरून केवढा वाद झाला आठवतं? विसर्जनाचे रथ खालून जाणार नाहीत म्हणून मंडळं अडून बसली, काम काही महिने थांबलं, मग पुढे झालं. त्या वादात कोण बरोबर होतं यात मी पडत नाही (माहेरी दोन्ही बाजूंचे लोक आहेत!). पण मला एक गंमत वाटली. पूल पूर्ण व्हायच्या आत कार्यकर्त्यांना आपल्या रथाची उंची तोंडपाठ होती. तो रथ त्यांनी स्वतः उभा केलेला असतो, त्याचा कळस कुठे दुमडतो आणि कोण तो खाली घेणार हे ठरलेलं असतं. डरहॅमला ट्रक भाड्याने घेणाऱ्याला ते कुणी सांगतच नाही.

याचा अनुभव घेतलाय. माझा भाचा ड्यूकला शिकायला आला, दोन वर्षांपूर्वी त्याने घर बदललं तेव्हा ट्रक घ्यायला मी बरोबर गेले होते. काउंटरवरच्या मुलाने पंधरा मिनिटं विमा समजावला, डिझेल किती भरून परत द्यायचं ते दोनदा सांगितलं. उंचीबद्दल अवाक्षर नाही. करारात मात्र बारीक अक्षरात होतं, छपराला झालेलं नुकसान या विम्यात येत नाही. म्हणजे काय होतं ते कंपनीला पक्कं ठाऊक आहे! मी बाहेर येऊन ट्रकभोवती फिरले, तेव्हा डब्याच्या कोपऱ्यावर हाताएवढा स्टिकर सापडला, १२ फूट. भाचा म्हणाला, "मावशी, आता पूल बारा फूट चार इंच आहे, आपण जातो की." मी म्हटलं, चार इंचांवर माझा विश्वास नाही, दुसऱ्या रस्त्याने घे. माझी मागणी साधी आहे. किल्ली देताना उंचीचा आकडा चालकाकडून मोठ्याने म्हणवून घ्यावा आणि स्टिअरिंगवर चिकटवावा. विम्याच्या पंधरा मिनिटांतलं अर्धं मिनिट लागेल.

हो, ते चार इंच. ऑक्टोबर २०१९ मध्ये शेवटी तो पूल आठ इंचांनी उचलला. उत्तर कॅरोलिनाच्या रेल्वे कंपनीने सुमारे पाच लाख डॉलर खर्चून, जवळचं फाटक सांभाळून जेवढं शक्य होतं तेवढं वर घेतलं. पाटी बदलली, बारा फूट चार इंच. गावात लोक हळहळले म्हणे, आता गंमत गेली. महिनाभरात, नोव्हेंबर संपायच्या आत, नव्या उंचीला पहिला ट्रक लागला. पुष्कळांनी यावरून "बघा, पैसे वाया" असा सूर लावला. मला तसं वाटत नाही. साडेतेरा फुटांचे ट्रक लागतच राहणार, पण बारा फुटी ट्रकांतून घर हलवणारी पोरं आता खालून निघून जातात, त्यांचे व्हिडिओ निघत नाहीत म्हणून ती कुणी मोजत नाही.

काकांचा ट्रक आता चुलतभाऊ चालवतो, म्हणजे ट्रक नवा, नाव तेच. किन्नर नाही, परवडत नाही म्हणतो. फोनवरचा नकाशा त्याला कारचा रस्ता दाखवतो, ट्रकची उंची त्या नकाशाला विचारताच येत नाही. गेल्या खेपेला सांगलीला गेले तेव्हा केबिनमध्ये चढून बघितलं. समोरच्या काचेच्या वर, गणपतीच्या स्टिकरशेजारी, पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलं होतं: भरलेली १२ फूट ६, रिकामी १२ फूट ९. सीटच्या मागे काठीही होती.